रिंगच्या कोपऱ्यातलं एक मिनिट

पगारापुरता मी टाइमकीपर होतो. मँगनीजच्या खाणीत कोण कोणत्या पाळीला उतरलं, कोण वर आलं आणि कोण नुसतीच हजेरी लावून मोहाच्या झाडाखाली झोपलं, हे पाहणं माझं काम. त्यावर दिवाळी अंकात लिहावं असं फारसं काही नाही, आणि जे थोडं आहे ते लिहायची सोय नाही, कारण झाडाखाली झोपणारे अजून हयात आहेत. पण तुमसर तालुक्यात मला टाइमकीपर म्हणून कुणी ओळखत नाही. ‘बॉक्सिंगवाले मास्तर’ म्हणतात. गंमत म्हणजे मी जन्मात एकही लढत खेळलेलो नाही. लहानपणी नाकावर विटी बसली, तेव्हापासून नाकाच्या बाबतीत मी सावध माणूस आहे.

मी होतो कोपऱ्यातला माणूस. बॉक्सिंगमध्ये त्याला ‘सेकंड’ म्हणतात. फेरी संपल्याची घंटा झाली की खेळाडू आपल्या कोपऱ्यात येतो आणि त्याला मिनिटभर विश्रांती मिळते. त्या मिनिटात सेकंडनं स्टूल सरकवायचं, चूळ भरायला पाणी द्यायचं, घाम पुसायचा, भुवई फुटली असेल तर रक्त थांबवून वर व्हॅसलीन दाबायचं, आणि एवढं सगळं करता करता पुढच्या फेरीचं सांगायचं. सांगायचं तेही एकच वाक्य. मार खाल्लेल्या डोक्यात दोन वाक्यं मावत नाहीत. फेरी चालू असताना मात्र सेकंडनं तोंड उघडायचं नाही असा नियम आहे. माझ्या बायकोला हा नियम फार आवडला होता. तो घरी का लागू होत नाही, असं ती अधूनमधून विचारायची.

आणखी एक गोष्ट सेकंडच्या हातात असते. आपल्या गड्यानं आता पुढं लढू नये असं त्याला वाटलं, तर खांद्यावरचा टॉवेल त्यानं रिंगमध्ये टाकायचा. लढत तिथंच संपते आणि समोरचा जिंकतो. गुण किती झाले ते कुणी पाहत नाही. खेळाडूला विचारावंही लागत नाही.

आमच्या भागाला कुस्ती ठाऊक, हा प्रकार नवीन. बपेऱ्याचा एक पहेलवान एकदा आमच्या खाणीच्या बॉक्सिंग क्लबात आला. हातमोजे चढवले, दोन ठोसे खाल्ले, आणि मग त्याचा संयम सुटला. त्यानं समोरच्याची कंबर धरली, त्याला उचलून चीत केला, छातीवर बसला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “मास्तर, जितल्याचा नारळ आना.” त्याला बाद ठरवलं हे समजावता समजावता पंचांच्या घशाला कोरड पडली. “पाठ लागली ना त्याची? मंग मी काहून हारलो?” एवढाच त्याचा प्रश्न होता.

खाणीत बॉक्सिंग आणलं डंकन साहेबानं. साहेब स्कॉटलंडचा. मी त्याला पाहिलेलं नाही. माझ्या वेळेपर्यंत त्याच्या बंगल्यात वेलफेअर ऑफिस आणि मागच्या अंगणात आमचा क्लब होता. साहेबाची कहाणी मी ऐकली ती दमडूजींकडून. दमडूजी तरुणपणी साहेबाचे सरावातले जोडीदार, त्यांच्याच शब्दांत ‘सायबाची रेतीची बोरी’. पुढं ते क्लबाचे उस्ताद झाले. मला कोपऱ्यात उभं केलं त्यांनीच. “तुयाच्यानं मारनं होत नाही, मार पाहनं तरी होते का पाहू,” असं म्हणून.

डंकन हा कोळशाच्या खाणीतल्या मजुराचा मुलगा. तिकडेही खाणच. पोरवयात तोही खाणीत उतरला. अंगानं लहानखुरा, हात मात्र चपळ. त्या काळी तिकडच्या जत्रांत बॉक्सिंगचे तंबू लागत. तंबूवाला आपले गडी बाहेर फळीवर उभे करी आणि जमलेल्या लोकांना आव्हान देई, की याच्यापुढं टिकून दाखवा. मग जो कुणी पुढं येईल त्याच्याशी डंकन लढे. खाटीक, गाडीवान, पिऊन आलेला नवरदेवसुद्धा. असं करत करत तो ग्लासगोच्या मोठ्या सभागृहांत पोचला. पहिल्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा लढती आजच्यासारख्या तीन फेऱ्यांत आटपत नसत, वीस-वीस फेऱ्या चालत. डंकनचं नाव भिंतींवर छापून लागू लागलं. त्याच्या कोपऱ्यात सेकंड म्हणून त्याचा सख्खा मोठा भाऊ असे.

एक लढत अशी आली, की ती जिंकली तर पुढं अजिंक्यपदासाठी खेळायला मिळणार होतं. मध्यावर डंकनच्या कानशिलावर ठोसा बसला. तो पडला नाही. उरलेल्या सगळ्या फेऱ्या लढला आणि जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन घरी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यानं भावाला विचारलं, “आपली लढत किती वाजता आहे?”

दमडूजी इथं नेहमी थांबत आणि बिडी शिलगावत. “भावाले दिसलं होतं गा. सायेब कोपऱ्यात येऊन काहीबाही बोलून राहिला होता. पन जितून राहिला होता ना! जितनाऱ्याले कोन थांबवते?”

अजिंक्यपदाची लढत डंकनला मिळाली नाही. हाताला कंप सुटला, बोलताना शब्द सापडेनासे झाले. मग महायुद्ध, आणि त्यानंतर आमच्या खाणीवर फोरमन. इथं त्यानं सागाच्या चार बल्ल्या रोवून दोर बांधले आणि मजुरांना शिकवायला लागला. शेवटची वर्षं वाईट गेली. आपल्याच बंगल्यापुढं ट्रॉलीच्या रुळांवर उभा राहून तो येणाऱ्याजाणाऱ्याला साहेबाचा बंगला कुठं म्हणून विचारी. दमडूजी हात धरून त्याला आत नेत. अखेर त्याला मायदेशी पाठवलं. तुमसरच्या स्टेशनवर गाडीत बसवताना त्यानं आपल्याला ओळखलं होतं की नाही, हे दमडूजींना मरेपर्यंत कळलं नाही.

डोकं शाबूत होतं तेव्हाच साहेबानं एक रीत घालून दिली होती. विश्रांतीच्या त्या मिनिटात खेळाडूला घरचं काहीतरी विचारायचं. नाव-गाव विचारायचं नाही, ते माणूस झोपेतही सांगतो. घरात अलीकडे जे बदललं असेल ते विचारायचं. दमडूजी त्याचं कारण सांगत ते असं: “जुनं डोक्यात खाली बसलं रायते, नवं वरवर तरंगते. डोस्क्याले धक्का लागला का नवं पयले सांडते.” उत्तर चुकलं, की लढत बंद.

त्यामुळं प्रत्येक खेळाडूच्या घरची खबर ठेवणं हा माझ्या कामाचा भागच झाला. कुणाची गाय व्याली, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलं, कुणी धानाची कोणती बांधी बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दिली, हे कळायला घरी जावं लागे. मास्तर चहाला चटावले, असं लोक म्हणत. तेही खोटं नव्हतं.

सत्तरच्या दशकात आमच्या क्लबात हेमराज आला. आंबागडचा, किल्ल्याच्या पायथ्याशी घर, चार बांध्या धानाच्या, आणि खाणीत रोजंदारी. माझ्या सगळ्या नोकरीत मी असा गडी दुसरा पाहिला नाही. चिखलणीत वाढलेले पाय, पण रिंगमध्ये जमिनीला लागायचे नाहीत. स्वभाव मात्र सरळ बैलासारखा, सांगाल तिकडे जाणार. मला त्याचा लळा लागला. मला मूलबाळ नाही. हे इथं सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं.

त्याच्या घरी ढवळ्या आणि मोऱ्या अशी बैलजोडी होती. एका पावसाळ्यात मोऱ्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो गेला. हेमराज आठवडाभर क्लबात आला नाही म्हणून मी आंबागडला गेलो, तर हा गोठ्यात रिकाम्या दावणीशी बसलेला. पुढं बाजारातून एक तांबडा बैल आणला, त्याची ढवळ्याशी जोड जमवली, आणि हळूहळू तो पुन्हा हातमोजे घालू लागला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी भंडाऱ्याला स्पर्धा झाल्या. हेमराज अंतिम लढतीत पोचला. एका मोठ्या सरकारी खात्याचे लोक नागपूरहून खेळाडू निवडायला आले होते. त्यांनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं, की हा मुलगा आज जिंकला तर खेळाडूंच्या जागेवर त्याला पक्की नोकरी. रोजंदारीवर खाणीत उतरणाऱ्या माणसाला ‘पक्की’ हा शब्द काय वाटतो, ते ज्यांनी रोजंदारी केली त्यांनाच कळेल. मी हेमराजला सांगितलं. तो माझ्या पाया पडला आणि दोर ओलांडून आत गेला.

पहिली फेरी त्याचीच. दुसरीच्या सुरुवातीला नागपूरच्या डावखुऱ्या गड्याचा ठोसा कानामागं बसला आणि हेमराज गुडघ्यावर आला. लगेच उठलाही. पंचांनी आकडे मोजले, डोळ्यांत पाहिलं आणि लढत सुरू केली. आणि मग हेमराज जो सुटला, तो समोरच्याला दोराशी रेटूनच थांबला. गुणांत तो स्पष्ट पुढं होता. शेवटची फेरी नुसता उभा राहिला असता तरी जिंकला असता.

घंटा झाली, तो कोपऱ्यात आला. मी पाणी दिलं, मान पुसली. चेहरा हसरा, श्वास ठीक. मी रीतीप्रमाणं विचारलं, “हेमराज, गाडीले आता कोनती जोड जुपता गा?”

“ढवळ्या अना मोऱ्या,” तो म्हणाला.

माझा हात थांबला. घाईत बोलला असेल म्हणून मी पुन्हा विचारलं, “मोऱ्या? मोऱ्या तर मेला ना?”

हेमराज हसला. “कायले मरते मास्तर? सकायीच तर पानी पाजून आलो त्याले.”

मी स्पर्धेच्या डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “मला तर ठीक दिसतो. थांबवायचं असेल तर तुम्ही ठरवा.” त्यांचं काही चुकलं नाही. मोऱ्या त्यांना कुठून माहीत असणार?

घंटा वाजली. हेमराज उठला, दोन पावलं पुढं गेला. त्या दोन पावलांत माझ्या मनात काय काय आलं ते सगळं सांगता येणार नाही. पक्की नोकरी आली, त्याची म्हातारी आई आली. एकच फेरी, ती काय, निघून जाईल, हेही आलं. आणि रुळांवर उभा राहून आपलंच घर विचारणारा, मी कधी न पाहिलेला साहेब आला. मी टॉवेल टाकला.

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग मंडपात एकच गिल्ला झाला. हेमराज टॉवेलाकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. “मास्तर, हे काय केलं? मी जितून राहिलो ना जी! मी जितून राहिलो!” पंचांनी समोरच्याचा हात वर केला. निवडीला आलेले लोक आपली कागदपत्रं आवरून उठले. मी हेमराजच्या हाताच्या पट्ट्या सोडायला लागलो, तर त्यानं हात ओढून घेतले आणि दातांनी सोडल्या.

परत येताना बसमध्ये तो पूर्ण भानावर आला. मोऱ्या कधी मेला, कुठं पुरला, सगळं त्याला आठवत होतं. आठवत नव्हतं ते फक्त कोपऱ्यातलं बोलणं. “मी असं म्हनलोच नाही,” तो म्हणाला. “मोऱ्या मेला हे मले मालूम नाही का? तुमी मनानं बनवून राहिले.” माझ्याकडे साक्षीदार नव्हता. पाण्याची बादली धरणारा मदतनीस पलीकडच्या बाजूला होता, आणि डॉक्टरांनी तर त्याला ठीकच म्हटलं होतं. आठवड्याभरात खाणीवर बोलणं सुरू झालं, की मास्तरले नागपूरवाल्यांनी फोडलं. जे माझ्या हातचा चहा पीत तेच बोलत.

मी एकदा आंबागडला गेलो. मला पाहून हेमराज मागच्या दारानं बांधीकडं निघून गेला. त्याच्या आईनं मला बसायला टाकलं, चहा दिला, आणि चूल फुंकत माझ्याकडे न पाहता म्हणाली, “मास्तर, पोराचं डोकं सही हाय, हे मले दिसते. पन नोकरी गेली, हे साऱ्या गावाले दिसते.”

आमच्या कामाची हीच गोची आहे. भुवई शिवली तर टाके दाखवता येतात. जे झालं नाही ते कुणाला दाखवायचं? त्या फेरीत आणखी एक ठोसा बसलाच नसता, आणि हेमराज नोकरी करून, पेन्शन घेऊन सुखात राहिला असता, हेही शक्य आहे. मी नाही म्हणत नाही. रात्री झोप लागायला मला बरेच दिवस लागले. टॉवेल टाकला याचा मला पश्चात्ताप नाही, पण त्याचे डोळे मी विसरलो नाही.

हेमराजनं क्लब सोडला, खाणही सोडली. मी कोपऱ्यात उभा राहतच होतो, पण तसा लळा पुन्हा कुणाचा लावून घेतला नाही. तुमसरच्या बाजारात तो दिसे आणि रस्ता बदले. त्यानं शंकरपटाचे बैल पाळले, आपणच जोडी हाकतो, असं कानावर येई. पट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. संक्रांतीच्या सुमाराला गावोगावी भरते आणि माणसं कामधाम सोडून तिथं लोटतात.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. लाखनीच्या बाजूच्या एका गावी मेहुण्याकडे गेलो असताना तो मला पट पाहायला घेऊन गेला. शेवटच्या दौडीत दोन जोड्या उरल्या होत्या, आणि त्यातली एक हेमराजची निघाली. केस पिकायला लागलेले, अंग तसंच ताठ. त्याची जोडी आदल्या दौडीत वाऱ्यासारखी गेली होती. सगळं मैदान त्याच्या बाजूचं.

जोड्या दौडीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. इशारा व्हायच्या आधी हेमराज गाडीवरून खाली उतरला. उजव्या बैलाजवळ गेला, त्याच्या कपाळावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला, आणि जू काढलं. लोकांना वाटलं काहीतरी तुटलं असेल. पण तो दोन्ही बैल धरून मैदानाबाहेर निघाला तेव्हा ओरडा सुरू झाला. “भेला का बे हेमराज?” “जितला पट सोडून चालला!” कुणी मातीचं ढेकूळ भिरकावलं. पंच मागं धावले, त्यांना त्यानं नुसता हात हलवून नाही म्हटलं.

गर्दी ओलांडून तो बाहेर आला तिथंच मी उभा होतो. या वेळी रस्ता बदलायला जागा नव्हती.

“राम राम मास्तर,” तो म्हणाला. कितीतरी वर्षांनी.

“लंगडून राहिला का?” मी बैलाकडे पाहत विचारलं.

“नाही जी. पाय सही हायेत.”

“मंग?”

“सकायी ढेप चारतो ना, तवा हा मले रोज शिंग मारते. आदत हाय त्याची. आज नाही मारला.”

“एवढंच?”

“एवढंच जी.”

मागून लोक त्याचं नाव घेऊन काहीबाही ओरडत होते. बैल दौडीकडं तोंड करून कासरा ताणत होता, खुरांनी माती उडवत होता. त्याला धावायचं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. हेमराजनं दोन्ही हातांनी कासरा आवळला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, भंडाऱ्याचा विषयही काढला नाही.

“याले बोलता येत असतं ना मास्तर,” तो म्हणाला, “तर आज यानं मले लय शिव्या देल्ल्या असत्या.”

मी मान हलवली.

“देऊ दे,” हेमराज म्हणाला. “घरी पोचून देऊ दे.”

त्यानं बैलाचं तोंड वळवलं. मी फाट्यापर्यंत त्याच्यासोबत चालत गेलो.